काचेखालची तुटकी जाळी

आमची गाडी डावीकडे वळवायची म्हटलं की वायपर फिरायला लागायचे. उजवीकडे वळताना काही नाही, अगदी गुणाची. पण डावा इंडिकेटर दाबला की काचेवर खर्रक-खर्रक सुरू, मग बाहेर कडक ऊन पडलेलं का असेना. जवाहरनगरात आमच्या क्वार्टरच्या रांगेत शिरायला डावीकडेच वळावं लागतं, त्यामुळे मॅडम घरी आल्या हे सगळ्या रांगेला कळायचं. मी तिथल्याच शाळेत गणित शिकवते. मी फळ्याकडे तोंड केलं की मागे बाकांवर बोटं वायपरसारखी हलायची. मागे वळून न बघताही मला ते कळायचं आणि डोकं तापायचं.

डोकं माझं तसंही लवकर तापतं. आई म्हणायची, या पोरीला जन्मली तेव्हा पाळण्यात नाही, चुलीवर ठेवलं असावं.

गाडी जुनीच घेतलेली. माझे मिस्टर फॅक्टरीत आहेत. त्यांच्याच खात्यातले एक जण रिटायर होऊन आपल्या मुलखाला निघाले, त्यांची ही गाडी. भाजीबाजार आणि मंदिर यापलीकडे ती कधी गेली नाही असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरं असावं, कारण आतल्या सीटला अजून उदबत्तीचा वास होता. दोष म्हणावा असा एकच दिसला. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी, काळ्या प्लास्टिकची लांब जाळी असते ना, तिचा डावा कोपरा तुटला होता. मिस्टरांनी त्यात दोन बोटं घालून पाहिली आणि जुन्या गाडीत एवढं चालायचंच म्हणाले.

गाडी हवी होती ती मला, आणि ती फक्त सिहोऱ्याला जाण्यासाठी. पौषात आई गेली. बाबा घरात एकटे राहिले. मी एकुलती एक, त्यामुळे जे काय करायचं ते मीच. आमच्याकडे राहायला चला म्हणून मी हात जोडले, भांडले, रडून पाहिलं. धान सोडून येत नाही म्हणाले. ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नाही, तो भात शिजवायचा आणि मिरचीसोबत खायचा, तोही आठवण झाली तर. महिन्याभरात त्यांच्या सदऱ्याचे खांदे खाली उतरले. बसनं जायचं तर जवाहरनगरहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून सिहोरा. अर्धा रविवार स्टँडवर उभं राहण्यात जायचा आणि पोचल्या पोचल्या परतीच्या गाडीचं बघावं लागायचं. वरण फोडणीला टाकण्याएवढाही वेळ हातात उरत नव्हता.

म्हणून या वयात मी गाडी शिकले. होळीच्या सुमारास पहिल्यांदा एकटी सिहोऱ्यापर्यंत गेले, तेव्हा बाबा रस्त्यावर येऊन उभे होते. गाडी थांबली तसे ते आधी माझ्याकडे नाही, गाडीकडे गेले आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवला, नव्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग मला म्हणाले, बाई, जेवण बनवशील ना? मला इतकं भरून आलं की मी ओरडलेच त्यांच्यावर, म्हटलं, नाहीतर काय नाचायला आले इतक्या लांब?

तेव्हापासून रविवार ठरून गेला. मी स्वयंपाक करायची, चार दिवस टिकेल असं काहीतरी करून ठेवायची, कपडे धुवायची. बाबा जेवायचे, खरंखुरं, दुसऱ्यांदा भात मागून. आणि बोलायचे. आठवडाभर न बोललेलं सगळं त्या एका दुपारी बोलायचे, नहराचं पाणी, कोणाची म्हैस, कोणाचं लग्न. सांगायची गोष्ट एवढीच की माझ्या बापाचा आठवडा रविवार ते रविवार चालत होता, आणि तो रविवार त्या गाडीवर चालत होता.

निघताना मात्र दर वेळी एक गोष्ट खटकायची. आई होती तेव्हा मला कधी रिकामी जाऊ द्यायची नाही. एका दिवसासाठी आले असले तरी दाराशी थांबवून ओटी भरायची, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मी चिडायची. म्हणायची, आई, बस निघून जाईल, आणि ही काय कटकट दर वेळी? आता कोणी थांबवत नव्हतं. सवाष्णीची ओटी बाईनंच भरायची असते, पुरुषाचं ते काम नव्हे, आणि घरात बाई उरली नव्हती. पहिल्या रविवारी गाडीत बसले आणि मांडीवर काही नाही हे इतकं जाणवलं की तुमसर येईपर्यंत मला नीट दिसत नव्हतं. बाबांना मी काही बोलले नाही.

आणि बाबा विसरायला लागले होते, ही दुसरी काळजी. मी गाडीत बसून किल्ली लावली की त्यांना आठवायचं, बाई, माहा चष्मा आत राहिला, पाय बरं. मी उतरून बघायला आत जायची. चष्मा कधी फडताळात, कधी खाटेवर, एकदा तर पिठाच्या डब्यावर. दर रविवारी हेच. मिस्टरांना मी म्हटलंसुद्धा, वय झालं हो, आता एकटं ठेवणं बरं नाही.

पावसाळा लागला आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. आधी वायपरचं ते सोंग. मग काचा आपोआप खाली जायच्या आणि वर यायला तयार नसायच्या. मग दरवाज्यांची कुलपं उभ्या गाडीत टकटक करायची, जशी काही आत कोणी बसलं आहे. सकाळी बॅटरी उतरलेली. डाव्या सीटच्या पायाखालचं पायपुसणं नेहमी ओलं, त्याचा दोष मी छत्रीला दिला. भंडाऱ्याला हायवेच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे गाडी न्यायची. तो डॅशबोर्ड उघडून गाडी दिवसभर उन्हात ठेवायचा, काहीतरी बदलायचा, आणि संध्याकाळी गाडी खणखणीत. कधी रिले गेला होता, कधी स्विच, कधी वायर उंदरानं कुरतडली म्हणाला. मोठ्या तोऱ्यात किल्ली हातात द्यायचा. चार दिवस बरे जायचे. मग एक जोराची सर आली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मी त्याच्यावर इतकी खेकसले की शेवटी शेवटी मला लांबून बघूनच तो चहा प्यायला जायला लागला.

एका रविवारी परत येताना मोहाडी सोडली आणि पाऊस धरला. दिवेलागणीची वेळ. एकाएकी सगळं गेलं. समोरचे दिवे, मागचे दिवे, वायपर, सगळं. आणि मी न दाबताच हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. मागून ट्रक येत होता. त्याचे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज मी त्या हॉर्नमधूनही ऐकला. ट्रकवाला भिजत उतरला, बॉनेट उघडून त्यानं बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा कुठं ते केकाटणं थांबलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला की ताई, माझं लक्ष होतं म्हणून.

मिस्टर मोटरसायकलवर आले. गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणायची ठरवून मला मागे बसवून घरी आणलं. कपडे बदलले, चहा केला, माझ्या हातात कप दिला आणि मग म्हणाले, "गाडी विकून टाकू. मला तू पाहिजेस."

मी भांडले नाही. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण माणूस खरं बोलत होता. सिहोऱ्याला महिन्यातून एकदा दोघं बसनं जाऊ म्हणाले. महिन्यातून एकदा. मी मनात ते बाबांच्या सदऱ्याच्या खांद्यांवर लावून पाहिलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. लाखनीचा एक जण जुन्या गाड्या घेतो. तो सोमवारी बघायला येणार असं ठरलं. त्याआधीच्या रविवारी मी शेवटची जाऊन बाबांना सांगणार होते. कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी घरी येऊन मी गाडी धुवायला काढली. विकायची गाडी धुऊन द्यावी म्हणून नव्हे, राग कुठंतरी काढायचा होता म्हणून. टपावर पाणी मारलं, काच घासली, आणि वायपर उचलला तर त्या तुटक्या कोपऱ्यातून एक हिरवं पातं वर आलेलं. गवत उगवायचं तेवढं राहिलं होतं, असं म्हणत मी ते चिमटीत धरून उपटलं.

ते गवत नव्हतं. शेतकऱ्याची पोर आहे मी. लहानपणी रोवण्याला, धानाच्या लावणीच्या वेळी, चिखलात उभी राहून पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या बायांच्या हातात दिल्या आहेत. धानाचं रोप मला डोळे मिटून ओळखता येतं. मुळाला दाण्याचं टरफल अजून चिकटलेलं होतं.

मी आतून पेचकस आणला आणि ती सगळी जाळीच उचकटली. खाली पन्हाळीसारखी जागा असते, काचेवरचं पाणी वाहून जायला. ती पन्हाळ डाव्या बाजूला चिखलानं आणि कुजलेल्या पानांनी गच्च भरली होती, आणि त्या चिखलात धानाचे पऱ्हे उगवले होते. एक दोन नाही, चांगला गुच्छ. जाळीच्या अंधारात वाढल्यामुळे पिवळट, आणि जो उजेडाकडे पोचला तेवढाच हिरवा. मला वाटलं, बाबांनी कधी पोतं टाकलं असेल टपावर, त्यातून सांडलं असेल. मी बोटांनी चिखल उकरला. मुळांच्या जाळ्यात एक हळकुंड निघालं. मग फुगलेली सुपारी. मग आणखी हळकुंडं, आणखी सुपाऱ्या.

मी तिथंच अंगणात खाली बसले. पाइपातून पाणी वाहत होतं ते बंद करायचंही सुचलं नाही. मला चष्मा आठवला. दर रविवारी आत राहिलेला चष्मा. माझा बाप काहीही विसरत नव्हता.

मिस्टर ड्यूटीवरून आले तेव्हा मी हळकुंडं ओंजळीत घेऊन रडत होते. मी हळकुंडं त्यांच्या हातात ठेवली आणि चष्म्याचं सांगितलं. कळलं तेव्हा तेही पायरीवर बसले. मग उठून त्यांनी ती पन्हाळ साफ केली, तळाचं भोक तारेनं मोकळं केलं आणि तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाणी सरळ चाकामागून जमिनीवर पडलं. इतके दिवस ते तुंबून, वरून सांडून, डॅशबोर्डमागच्या फ्यूजच्या डब्यावर टपकत होतं आणि तिथून पायपुसण्यावर. इलेक्ट्रिशियन दिवसभर उन्हात ठेवायचा, डबा वाळायचा आणि सगळे रिले शहाणे व्हायचे. फ्यूजचा डबा मिस्टरांनी स्वतः पुसून वाळवला. तुटक्या कोपऱ्यावर आणि सगळ्या जाळीवर बारीक तारेची जाळी कापून घट्ट बसवली. काम झाल्यावर हात धुतले आणि मी काही म्हणायच्या आधी लाखनीच्या माणसाला फोन लावून सांगितलं की येऊ नका.

रविवारी मी साडी नेसून निघाले. गाडी चालवताना मी कधी साडी नेसत नाही. पऱ्हे ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूच्या सीटवर ठेवले होते. डावा इंडिकेटर दाबला तर डावाच दिवा लागला. वाटभर मी ठरवत होते की बाबांना काय सांगायचं. आपल्या हातानं पोरीची गाडी बिघडत होती, त्या ट्रकसमोर ती आपल्यामुळे उभी राहिली, हे त्यांना कळलं तर ते पुन्हा जेवणार नाहीत. ट्रकचं मी सांगणारच नव्हते, ते आजही सांगितलेलं नाही.

जेवण झाल्यावर मी फडकं त्यांच्यासमोर सोडलं. त्यांनी पऱ्हे उचलले, मुळं चोळून पाहिली. "कोनाच्या बांधीतले होत हे? रोवणा तं झाला, आता कायले आनले?"

"आपल्या गाडीतले आहेत," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि पुन्हा पाहिलं. मग बाहेर गाडीकडे पाहिलं. तोंड दुसरीकडे वळवून त्यांनी विचारलं, त्याच्यानंच बिघडत होती काय? मला खोटं बोलता येत नाही, लगेच चेहऱ्यावर दिसतं. हो म्हटलं, पण आता बरी आहे, जावयानं दुरुस्त केली, वरून बारीक जाळीही बसवली. बाबा पऱ्हे हातात तसेच धरून खाटेवर बसले.

"तुही माय तुले कधी रिकामी नाई जाऊ दे," ते म्हणाले. "थे गेली, आन् तू तशीच गाडीत बसून चालली. मले पाहवलं नाई. मानसानं लेकीची ओटी भरू नाई म्हनतेत. मंग म्हनलं, गाडीची भरू. थेच तं तुले आनून राहिली माह्याकडं."

ती काचेखालची जागा त्यांना ओटीसारखी दिसली म्हणे, पदर खोचल्यावर पुढे खोळ होते तशी, आणि कोपऱ्यात हात जायला वाटही होती. मी विचारलं, पण बाबा, ओटीत तांदूळ असतात, धान कशाला घातलं? तर म्हणाले, मले काय मालूम, तुही माय भरे तवा मी बाहेर बसून राहो. आणि ते खरंच होतं. माझ्या सगळ्या जन्मात, मी निघायची वेळ झाली की बाबा उठून अंगणात जाऊन बसायचे. आत काय चाललं आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हळकुंड आणि सुपारी तेवढी त्यांना ठाऊक होती, कारण बाजारातून ती तेच आणून द्यायचे.

मी उठले, दाराशी आईच्या जागी पाट मांडला आणि त्यावर बसले. पदर पुढे धरला. "आता माझी भरा," मी म्हटलं.

नाही नाही म्हणाले. लोक काय म्हणतील म्हणाले. मी म्हटलं, बाबा, माझं डोकं तापवू नका, मला तुमच्याच हातची पाहिजे. तेव्हा ते गेले, हातपाय धुऊन आले, आणि सूप घेऊन आले. सुपात पुन्हा धानच. मी म्हटलं, आत डब्यात तांदूळ आहेत ना.

"तांदूळ नाई," ते म्हणाले. "थो उगवत नाई."

किती वेळा घालायचं ते त्यांना माहीत नव्हतं. माझ्याकडे बघत राहिले. मी पाच म्हटलं. नांगर धरून सालटं गेलेल्या त्या हातांना सवय नव्हती, अर्धं धान पदराबाहेर सांडत होतं. शेवटी खिशातून हळकुंड आणि सुपारी काढून वर ठेवली. म्हणजे आजच्यासाठीही त्यांनी खिशात आणून ठेवलीच होती. कोणाले सांगू नको म्हणाले, आणि मी नाही सांगत म्हटलं. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर उचलला नाही.

ऊन कलायला लागलं तशी मी निघाले. पदरातलं धान गाठ मारून मांडीवर घेतलं होतं. किल्ली लावणार तेवढ्यात बाबा खिडकीशी आले.

"बाई, माहा चष्मा आत राहिला वाटते. पाय बरं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी उतरले, आत गेले, आणि आई जिथं उभी राहायची तिथं चुलीपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर तारेच्या जाळीवर दाणे पडल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी बाहेर आले नाही.